१२ लाखांचं गिऱ्हाईक, ५०० रुपये मजुरी

श्रोतेहो, नमस्कार. मिस्टरी शॉपिंग हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर आलं असेल. गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये, बँकेत, पेट्रोल पंपावर जायचं, तिथली माणसं कशी वागतात ते बघायचं आणि गुपचूप कंपनीला कळवायचं. अमेरिकेत हे १९४० च्या दशकापासून चालतं, आपल्या मोठ्या शहरांतही आता रुळलंय. आज बोलायचंय ते यातल्या पैशांबद्दल, कारण आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचा अनुभव मला स्वस्थ बसू देत नाही.

वहिनींना काम मिळालं चारचाकीच्या शोरूमचं. अटी ऐका. घरात आधीची जुनी गाडी हवी आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या वर हवं. कारण सेल्समन विचारणारच, ‘मॅडम, लोन किती करायचं?’ तिथे चाचरलात की पितळ उघडं. म्हणजे माणूस हवा १२ लाखांचा. आणि मोबदला ५०० रुपये. पुन्हा सांगते, ५०० रुपये.

शनिवारी सकाळी वहिनी आणि भाऊ कोथरूडहून स्वतःच्या गाडीनं निघाले. किती मिनिटांनी कुणी पुढे आलं, पाणी विचारलं का, एअरबॅग किती ते आपणहून सांगितलं का, सगळं डोक्यात ठेवायचं. समोर लिहायची सोय नाही. मग वहिनी मधूनच बाथरूममध्ये जायच्या आणि मोबाइलवर किराणाच्या यादीत टिपून ठेवायच्या: तूरडाळ, पाणी ११.१२, रवा. सेल्समन अगदी पोरसवदा. शर्टाची कॉलर झिजलेली, पण इस्त्री कडक. त्यानं टेस्ट ड्राइव्ह दिली, कोटेशन काढलं, भाऊंची पाठ दुखते म्हटल्यावर गुडघ्यावर बसून सीट कशी सरकवायची ते दाखवलं. या मुलांना दिवसभर उभं ठेवतात हो! केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यानं दिला. आपल्याकडेही प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल दिसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

असो. रात्री वहिनी फॉर्म भरायला बसल्या. प्रश्नामागून प्रश्न, वर इंग्रजीत सविस्तर वर्णन. एक वाजला. दोन दिवसांनी उत्तर आलं: कोटेशनच्या फोटोत तारीख नीट दिसत नाही, रिपोर्ट अमान्य. मजुरी गेली, पेट्रोलही गेलं. आणि त्या पोराचे रोज फोन. ‘मॅडम, या महिन्यात बुकिंग केलंत तर सीट कव्हर माझ्याकडून.’ त्याचा इन्सेंटिव्ह बुकिंगवर, आणि वहिनींना खरं सांगायला करारानंच बंदी. शेवटी त्यांनी ‘आम्ही दुसरीकडे गाडी घेतली’ असं सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘अभिनंदन मॅडम, काही अडचण आली तर मला फोन करा.’ हे सांगताना वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ मध्ये झाला. पण या कामात तुम्ही कंपनीचे नोकर नसता, कंत्राटावरचे असता, म्हणून तुमचे तास कुणी मोजत नाही. हॉटेलच्या कामात तर कित्येकदा जेवणाचं बिल तेवढं परत मिळतं, तेही आधी तुम्हीच भरायचं. जाण्यायेण्याचा वेळ, शोरूममधला वेळ आणि रात्री रिपोर्ट लिहिण्याचा वेळ, या तिन्हींचे पैसे कंपनीनं दिलेच पाहिजेत. तिन्हींचे.

हे काम करू बघणाऱ्यांनो, कुणी आधी नोंदणीचे पैसे मागितले तर तो फसवणारा आहे. पुन्हा सांगते, आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्या. घराचा हप्ता या कमाईच्या भरवशावर घेऊ नका. मोबदला देतानाच कंपनीनं त्यातून कर, म्हणजे टीडीएस, कापला असेल आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळवा. आणि काम घेण्याआधी ई-मेलवर विचारा, रिपोर्ट नाकारला तर पेट्रोलचे पैसे देणार का? लेखी हो आलं, तरच गाडीची किल्ली हातात घ्या.