‘नजरचुकीने’ हा शब्द खोडा

(तालुक्याच्या बार रूममध्ये नव्या वकिलांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर ‘दावा व कैफियतीतील दुरुस्ती’ असा भारदस्त विषय छापलाय. म्हणजे दाखल केलेला दावा किंवा त्याला प्रतिवादीनं दिलेलं लेखी उत्तर, अर्थात कैफियत, नंतर दुरुस्त करणं. मला खरं तर एकाच शब्दाविषयी बोलायचंय. नजरचुकीने.

आपल्याकडचा कुठलाही दुरुस्ती अर्ज उघडा. ‘सदर बाब नजरचुकीने नमूद करावयाची राहून गेली.’ गट नंबर राहिला, नजरचुकीने. वाटपाच्या एका दाव्यात तर सख्खी बहीणच नजरचुकीने राहिलेली मी पाहिलीय. (हशा) तो अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ रूल १० चा, पक्षकार जोडण्याचा, ठाऊक आहे मला. मागच्या बाकावरचे साहेब उगाच मान हलवू नका.

आता माझीच गोष्ट. नव्वदच्या दशकातली. विहिरीच्या पाण्याचा दावा. चतुःसीमा मी जुन्या खरेदीखतावरून टायपिस्टला सांगितल्या. कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल, शेजारी भज्यांची गाडी. माझं लक्ष कुठं होतं ते विचारू नका. पूर्वेचं पश्चिमेला गेलं आणि विहीर प्रतिवादीच्या रानात जाऊन बसली. मी वाचलं नाही, पक्षकारानं अंगठा दिला, समोरच्या वकिलांनीही कैफियतीत ‘मजकूर खोटा व नाकबूल’ एवढंच ठोकून दिलं. म्हणजे तिघांपैकी दावा कुणीच वाचला नव्हता! उलटतपासात त्यांच्या ध्यानात आलं. ‘विहीर पूर्वेला की पश्चिमेला?’ आमचे पक्षकार आबा शांतपणे म्हणाले, ‘साहेब, विहीर हाय तिथंच हाय. कागद फिरलाय.’ जज्जसाहेबांनी मान खाली घातली, पण खांदे हलताना मला दिसले.

दुपारी अर्ज दिला. अर्थातच, नजरचुकीने. दोनशे रुपये खर्च बसवून मंजूर झाला. तेव्हा हवा तशीच होती. आपल्या मुंबई हायकोर्टानं किसनदास रूपचंद प्रकरणात १९०९ सालीच सांगून ठेवलं होतं : समोरच्यावर अन्याय होत नसेल आणि खऱ्या वादाच्या निकालाला दुरुस्ती लागत असेल, तर ती द्यावी. सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्ये पिरगोंडा पाटील प्रकरणात तेच उचलून धरलं. आमची पिढी या दोन नावांवर जगली.

किती वेळ राहिला? पाच मिनिटं? चहा आलाय वाटतं. बरं, पळतो.

१९९९ च्या दुरुस्ती कायद्यानं ऑर्डर ६ रूल १७, म्हणजे दावा-कैफियतीत दुरुस्तीची मुभा देणारा नियमच, पुसून टाकायचं ठरवलं होतं. वकिलांनी देशभर ओरड केली. १ जुलै २००२ पासून रूल राहिला, पण शेपूट लागलं : सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही; यथोचित तत्परता दाखवूनही ती बाब आधी मांडता आली नसती, अशी कोर्टाची खात्री झाली तरच. आणि सुनावणी सुरू कधी? सरतपासाचं, म्हणजे साक्षीदाराच्या आपल्या बाजूच्या जबानीचं, प्रतिज्ञापत्र दाखल झालं की. विद्याबाई प्रकरण, २००९.

आता सांगा, तत्परता सिद्ध करायची आणि अर्जात लिहायचं ‘नजरचुकीने’? हा तर कबुलीजबाब झाला! माझा विहिरीचा अर्ज आज दिला, तर समोरचा वकील तो एक शब्द अधोरेखित करून खाली बसेल. त्याऐवजी तारखा लिहा. नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, गोष्ट कळली कधी, अर्ज किती दिवसांत दिला. दाव्यानंतर घडलेलं असेल, बांधकाम, विक्री, तर तसं स्पष्ट लिहा. ते आधी सांगता येणारच नव्हतं. मूळ दावा २००२ पूर्वीचा असेल तर हे शेपूट बहुधा लागत नाही, ते आधी तपासा. मुदतबाह्य झालेली मागणी मागच्या दारानं आणू नका. कैफियतीतली स्पष्ट कबुली मागे घ्यायला निघालात तर सहसा मार खाल.

एल.आय.सी. विरुद्ध संजीव बिल्डर्सवर, २०२२, बोलायचं होतं. १९८६ चा दावा, नुकसानभरपाई एक कोटी एक लाखावरून चारशे कोटी एक लाखावर न्यायची दुरुस्ती, आणि ती मंजूर! पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

शेवटचं. अर्ज मंजूर झाला की पेढे वाटत बसू नका. आदेशात मुदत दिली नसेल तर रूल १८ प्रमाणे १४ दिवसांत दाव्यात प्रत्यक्ष दुरुस्ती करा. नाही केलीत, तर मुदत वाढवून मागायला पुन्हा अर्ज. त्यात काय लिहाल, ते मला माहीत आहे.