कॉलिझियममधला शेवटचा हंगाम

हा पूल बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनातून थेट कॉलिझियम मैदानाच्या दाराशी उतरतो. 26 सप्टेंबर 2024, गुरुवार. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉल संघ गाव सोडण्याआधी आज घरच्या मैदानावर शेवटचा सामना खेळणार आहे.

मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघाचे हंगामात 162 सामने होतात. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत, जवळजवळ रोज. एवढ्या लांबच्या वाटेवर नशीब फार काळ साथ देत नाही. 2024 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने 98 सामने जिंकले, पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही जिंकली. शिकागो व्हाइट सॉक्स 121 सामने हरला; आधुनिक काळात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. ओकलंडचे विजय 69, पराभव 93.

या 69 विजयांना कमी लेखू नका. आदल्या वर्षी हाच संघ 112 सामने हरला होता. खेळाडूंच्या पगारावर लीगमध्ये सगळ्यांत कमी खर्च ओकलंडचा. तरी फलंदाज ब्रेंट रूकरने 39 होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके मारले. आणि हा चेंडूफेक करणारा मेसन मिलर. चेंडूचा वेग बघा, ताशी 100 मैलांच्या वर.

ही दृश्यं जून 2023 मधली. मालकाने संघ विकावा, पण गावातून हलवू नये, एवढंच या हिरव्या टी-शर्टांचं मागणं. मंगळवारच्या साध्या सामन्याला 27,759 माणसं आली. गावाला संघ नको होता, असं म्हणणाऱ्यांनी हे ढोल ऐकावेत.

1968 मध्ये हा संघ कॅन्सस सिटीहून इथे आला. 1972, 1973, 1974, ओळीने तीन वर्षं वर्ल्ड सिरीजचा विजेता. 1989 मध्ये चौथ्यांदा. समोरची ती काँक्रीटची उंच गॅलरी मात्र बेसबॉलची नव्हे. 1995 मध्ये परतलेल्या रेडर्स या फुटबॉल संघासाठी ती बांधली आणि मागच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या. रेडर्स 2020 मध्ये लास वेगासला गेला. त्याच्या वर्षभर आधी बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेला होता.

आज 46,889 प्रेक्षक आहेत. मानाचा पहिला चेंडू टाकायला संघाचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट. रिकी याच गावात वाढला. 1,406 बेस चोरण्याचा, म्हणजे फटका नसतानाच धावून पुढचा टप्पा गाठण्याचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे.

आदल्या वर्षीच्या विजेत्या टेक्सास रेंजर्सवर 3-2 अशी मात. शेवटचे फलंदाज मिलरने बाद केले.

व्यवस्थापक मार्क कोत्से माइक हातात घेतात आणि ओकलंडच्या नावाचा घोष शेवटचा त्यांच्याबरोबर होतो.

पुढची काही मिनिटं निवेदन नाही.

लीगमधल्या संघमालकांच्या बैठकीत लास वेगासला स्थलांतर करायला एकमताने मंजुरी मिळाली होती, नोव्हेंबर 2023 मध्येच. 2025 पासून संघ सॅक्रामेंटोच्या सुमारे 14 हजार प्रेक्षकांच्या मैदानात खेळू लागला. लास वेगासचं स्टेडियम होईपर्यंत त्याच्या नावात कुठल्याच गावाचं नाव नाही.