झाकणाखालचे सहा स्विच

हे बघा, हा पाइनफोन, लिनक्स या खुल्या सिस्टीमवर चालणारा फोन, याचं मागचं झाकण नखाने उचकटलं की बॅटरी हातात येते, हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये हे राहिलंच नाहीये, आणि आतल्या बाजूला सहा इवले इवले स्विच दिसतात. मोडेम (म्हणजे सिमचं नेटवर्क), वायफाय, माईक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा आणि हेडफोन. टाचणीच्या टोकाने माईकचा स्विच सरकवला की माईक बंद, म्हणजे सेटिंगमधला नाही, थेट सर्किटमधूनच बंद. मला हा फोन आवडला तो इथेच.

हा फोन 2020 च्या सुरुवातीला लोकांच्या हातात पडायला लागला, 2 जीबी रॅमवाला तेव्हा 149 डॉलरला होता. तसं अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे, पण इथे वरचं सगळंच आपलं, मोबियन टाका, पोस्टमार्केटओएस टाका, या दोन्ही फोनसाठीच्या लिनक्स सिस्टीम, नाही आवडलं तर दुसरी सिस्टीम मेमरी कार्डवर घेऊन त्यावरूनच चालू करा, कोणाची परवानगी लागत नाही.

आता किंमत काय मोजावी लागते ते पण ऐका. चिप जुनी, स्वस्त टॅबलेटमध्ये असायची तसली, त्यामुळे ब्राउझर उघडायलाही दम धरावा लागतो. बॅटरी वाचवायला फोन झोपतो आणि कॉल आला की आधी उठतो, मग वाजतो, तेवढ्यात समोरच्याने ठेवलेला असू शकतो. घरात कोणी आजारी असताना हा एकच फोन जवळ ठेवू नका, हे मी मनापासून सांगतोय.

आणि यूपीआय. हातात कोथिंबिरीची जुडी, समोर क्यूआर कोड, आणि या फोनवर पैसे देता येत नाहीत, कारण बँकांची अ‍ॅप्स अँड्रॉइड आणि आयफोनसाठीच बनतात. वेड्रॉइड नावाच्या सोयीने बरीच अँड्रॉइड अ‍ॅप्स चालतात इथे, पण बँकेचं अ‍ॅप फोन तपासतं आणि बऱ्याचदा नाही म्हणतं, शिवाय यूपीआयला सिम त्याच फोनमध्ये आहे याची खात्री करायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, तिथे गाडी अडते.

मग कशाला वापरायचा? पोस्टमार्केटओएसवाले 2017 पासून एकाच गोष्टीच्या मागे आहेत, फोन 10 वर्षं चालला पाहिजे, कंपनीने अपडेट थांबवले म्हणून धडधाकट फोन कचऱ्यात जाता कामा नये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून सध्या माझ्याकडे दोन फोन असतात, पैसे आणि कॉल एकावर, बाकी वाचणं, लिहिणं, नोट्स या फोनवर, माईकचा स्विच बंद करून.