दगड उचलण्याआधीची बैठक

मित्रहो, आणि दिवसभर विड्या वळून पूर्व भागातून इथवर आलेल्या माझ्या भगिनींनो,

परदेशातून आलेल्या माणसाच्या दुकानावरून पेटणारी भांडणं बोलून कशी मिटतात, यावर आज मला बोलायचं आहे. सोलापुरात असा दुकानदार क्वचितच सापडेल. पण परका दुकानदार म्हटलं की आपण स्वतःला गल्लीतला जुना रहिवासी समजतो. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये तो परका दुकानदार भारतीय होता, आपला होता.

१३ जानेवारी १९४९. एका भारतीय दुकानदारानं १४ वर्षांच्या आफ्रिकन मुलाला मारलं, मुलाच्या डोक्यातून रक्त आलं, आणि शहर पेटलं. १४२ माणसं गेली. त्यांत भारतीय ५० आणि आफ्रिकन ८७. हा दुसरा आकडा नीट ऐका. दंगल करायला उतरलेल्यांच्याच घरांत जास्त प्रेतं गेली, कारण पोलीस आणि सैन्य गोळ्या घालत होतं.

एका मुलाला मारलं म्हणून एवढं होत नाही. आफ्रिकन माणसाला जमीन घ्यायला, दुकानाचा परवाना काढायला कायद्यानं फारशी वाट ठेवली नव्हती. कायदा गोऱ्यांचा, पण रोज समोर यायचा तो भारतीय दुकानदार, भारतीय बसमालक आणि दरबानमधल्या केटो मॅनर वस्तीच्या झोपड्यांचं भाडं घेणारा भारतीय जमीनमालक. राग साठला होता तो भाव, तिकीट आणि भाडं या तीन गोष्टींवर. आपल्या लोकांची वागणूकही नेहमी चांगली नव्हती, हे इथं बसलेल्या आपण भारतीयांनी मान्य केलं पाहिजे.

दंगल चालू असताना आफ्रिकन लोकांची काँग्रेस आणि तिथल्याच भारतीयांची काँग्रेस, या दोन संघटनांचे पुढारी बरोबरीनं रस्त्यावर उतरले, शांत राहा म्हणून सांगत फिरले. पुढे १९५२ साली अन्यायी कायदे मोडण्याची मोहीम त्यांनी एकत्र चालवली. मला या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. तरीही १९८५ मध्ये दरबानजवळच्या इनांडात भारतीयांची दुकानं पुन्हा लुटली गेली, आणि फिनिक्स आश्रमातलं गांधीजींचं घर त्यात जळालं. पुढाऱ्यांची मनं जुळली होती. गल्लीतला हिशोब तसाच राहिला होता.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्येही हेच. कोरियन दुकानदार आणि काळे रहिवासी यांच्यातली तेढ कमी व्हावी म्हणून १९८६ साली दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचं एक व्यासपीठ उभं राहिलं. १९९१ मध्ये रसाच्या एका बाटलीवरून १५ वर्षांच्या काळ्या मुलीला कोरियन दुकानदारीण बाईनं गोळी घातली, आणि कोर्टानं त्या बाईला तुरुंगात पाठवलं नाही. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला, एका काळ्या माणसाला मारणारे पोलीस कोर्टातून सुटल्यावर शहर पेटलं, कोरियनांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली किंवा जाळली गेली. त्याच वर्षअखेरीस ते व्यासपीठ मोडलं. तिथं बसत होते ते प्रामुख्यानं संस्थांचे लोक. काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहणारी माणसं त्या खोलीत पुरेशी नव्हती.

आता काम थोडंफार जमलं ते सांगतो. केप टाउनजवळ मासिफुमेलेले नावाची वस्ती आहे. २००६ मध्ये तिथं सोमालियातून आलेल्या लोकांची किराणा दुकानं फोडली गेली, त्यानंतर बोलणी झाली. मे २००८ मध्ये सगळा देश पेटला, ६२ माणसं मेली, आणि त्यांतली २१ त्याच देशाची नागरिक होती. तेव्हा या वस्तीतही लूट झाली. पण लगेच वस्तीतली माणसं पुढे आली, लुटलेला माल गोळा करून परत केला, आणि विस्थापितांच्या छावणीत जाऊन माफी मागून सोमाली शेजाऱ्यांना परत या म्हणाली. अशी धिटाई आयत्या वेळी येत नाही. एकमेकांची नावं आधी ठाऊक असावी लागतात, घरी जाण्याएवढी ओळख असावी लागते.

अशा वस्त्यांत स्थानिक दुकानदाराचं म्हणणं एकच असतं, यांनी आमचा धंदा बुडवला. ते खोटं नसतं. सोमाली चौघं-पाचजण पैसे घालून दुकान काढतात, घाऊक माल एकत्र उचलतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत शटर उघडं ठेवतात, थोड्या नफ्यावर विकतात. एकट्याच्या दुकानाला हे झेपत नाही. पण त्याच वस्तीतल्या बाईला तिथं साखर स्वस्त मिळते, आणि दुकानाचं भाडं बहुतेकदा स्थानिक घरमालकाच्याच खिशात जातं. बैठकीला ही दोघं नसली तर निम्मी गोष्ट कुणी बोलतच नाही. २००९ मध्ये केप टाउनच्याच खायेलित्शा वस्तीत समेट झाला तो नवी सोमाली दुकानं उघडायची नाहीत या अटीवर. दगड थांबले, याचं मोल मी कमी करणार नाही. पण अशा समेटाचा खर्च स्वस्त साखर घेणाऱ्या गरीब बाईवर पडतो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

सोलापुरात जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून माणसं बाहेरून येत आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांची चादर सोलापूरचं नाव झाली. आज आपली मुलं कामासाठी पुण्याला जातात, तिथं बाहेरची ठरतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. एखाद्या पेठेत बाहेरच्या दुकानावरून कुजबुज सुरू झाली, की त्याच आठवड्यात बसायचं. नवा दुकानदार, शेजारचा जुना दुकानदार, गाळ्याचा मालक आणि उधारीवर माल नेणारी बाई, हे चौघं हवेतच. परवाना, वजनकाटा, भाव, भाडं, उधारीची वही, सगळं समोर ठेवायचं. तक्रार खरी असेल तर नाव घेऊन मांडायची, पण त्या एका दुकानदाराची. त्याच्या जातभाईंची नाही. एकत्र घाऊक खरेदी कशी करतात हे जुन्या दुकानदारानं नव्याला तिथंच विचारावं. ठरलेलं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहून प्रत्येकाला प्रत द्यावी, आणि महिन्यानं पुन्हा त्याच चौघांनी बसावं.