ड्राइव्हवे साफ केला आणि पाच मिनिटांत प्लाऊ आला! शिकागोच्या सबर्बमधला स्नो

(पहाटे पावणेसहा. ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीच्या वाटेच्या, तोंडाशी उभी. हातात फावडं, डोक्याला कानटोपी.)

नमस्कार मंडळी! आवाज कापतोय तो कॅमेऱ्याला घाबरून नाही. बाहेर 18 फॅरनहाइट आहे, म्हणजे उणे आठ सेल्सिअस. रात्रभरात सहा इंच स्नो पडलाय आणि प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो ढकलणारा ट्रक, अजून आमच्या गल्लीत फिरकलेला नाही. तो यायच्या आत मला हा व्हिडिओ उरकायचाय.

उन्हाळ्यात भारतातून आलेले, ऑक्टोबरात झाडांचे रंग बघून हरखलेले आणि डिसेंबरात माझ्याकडे रडत आलेले बरेच जण आहेत. सगळ्यांची तक्रार एकच. "ताई, तासभर खपून ड्राइव्हवे साफ केला, आणि प्लाऊ आला तो तोंडाशी भिंत उभी करून गेला!" माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही हातात फावडं घेऊन त्या ट्रकच्या मागे ओरडले होते. मराठीत. त्याला काय कळणार!

तेव्हापासून बारा हिवाळे काढले. त्यातून कळलं ते इतकंच, की प्लाऊ तुमच्यासाठी येत नाही, रस्त्यासाठी येतो. तो कधी येतो, कुठून येतो, स्नो कुठल्या बाजूला टाकतो, हे एकदा त्याच्या सीटवर बसून बघितलं की अर्धा हिवाळा सुटतो.

आधी ती भिंत. प्लाऊचं पातं समोर सरळ नसतं, उजवीकडे तिरकं असतं. पुढचा स्नो गोळा करत तो उजव्या कडेला, म्हणजे आपल्या फुटपाथकडे ढकलत जातो. कडेला स्नोची रांग तयार होते, आणि जिथे अडवायला काही नाही तिथे ती आत सांडते. अशी मोकळी जागा कुठली? तुम्ही नुकताच घासूनपुसून ठेवलेला ड्राइव्हवे. प्रत्येक घरापुढे पातं उचलत बसला तर ड्रायव्हरची रात्र संपायची नाही.

मग करायचं काय? इकडे या. (कॅमेरा रस्त्याकडे.) मी रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे माझ्या अंगणाजवळच्या लेनमध्ये प्लाऊ माझ्या डावीकडून येणार आणि उजवीकडे जाणार. म्हणून डावीकडे, ड्राइव्हवे सुरू व्हायच्या अलीकडे, कडेला लागून आठ-दहा फुटांचा एक खिसा मोकळा करून ठेवायचा. प्लाऊने आणलेला बराचसा माल त्या खिशात पडतो आणि माझ्या तोंडाशी येईपर्यंत पातं जरा हलकं झालेलं असतं. ड्राइव्हवेतला स्नो उपसाल तो मात्र उजवीकडे टाका. डावीकडे टाकलात तर तोच स्नो प्लाऊ तुम्हाला सव्याज परत करतो. आपल्याकडे हे बरोबर उलटं झालं असतं, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली, डोकं सांगलीच्या रस्त्यावरच चालत होतं. आणि स्नो रस्त्यावर भिरकावायचा नाही हां. बहुतेक गावांत त्याला मनाई आहे, आणि तो गोठला की रस्त्यात बर्फाचे दगड तयार होतात.

फावड्याला हात घालण्याआधी एक हिशेब ऐका. आमचा ड्राइव्हवे 20 फूट रुंद, 40 फूट लांब. त्यावर सहा इंच स्नो. साधारण दहा इंच स्नो वितळला की एक इंच पाणी होतं, त्या मापाने या एवढ्याशा तुकड्यावर अकराशे किलोच्या वर वजन पडलंय. ओला स्नो असेल तर आणखी जास्त. बाबा सांगलीहून आले होते, तेव्हा म्हणाले, "एवढंसं तर आहे, मी काढतो की." मी त्यांच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि चहा ठेवायला पाठवलं. रुसले दिवसभर. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात सवय नसताना एकदम जोर लावला की हृदयावर ताण येतो. स्नो काढताना हार्ट अटॅक आल्याच्या बातम्या इथे दर हिवाळ्यात असतात. आई-बाबा आलेले असतील तर त्यांना खिडकीतून फोटो काढू द्या. आणि तुम्हीही उचलून फेकण्यापेक्षा ढकला. तीन-तीन इंचांवर दोनदा निघालात तर कंबर शाबूत राहते.

आता "आमच्याच गल्लीत उशिरा का?" हा प्रश्न.

समजा मी घरून ऑरोराच्या बालाजीला निघाले. घरासमोरची गल्ली सिटीची. पुढे मोठा रस्ता लागतो तो डुपेज काउंटीचा. त्यानंतरचा राज्याचा, म्हणजे इलिनॉय डॉटचा (राज्याचं वाहतूक खातं). मग आय-88, तो टोलवेवाल्यांचा. मध्ये एखादा तुकडा टाउनशिपचा, म्हणजे काउंटीतल्या छोट्या विभागाचा निघाला तर त्याचा वेगळा हायवे कमिशनर, तोही निवडून आलेला! एका देवदर्शनात चार-पाच मालक, आणि प्रत्येकाचे ट्रक वेगळे. म्हणून एका चौकात अलीकडे काळाभोर डांबर दिसतं आणि सिग्नल ओलांडला की पांढराशुभ्र रस्ता. फोन करायचा तर आधी रस्ता कोणाचा ते बघा, नाहीतर दोन्हीकडून "आमचा नाही" हेच ऐकाल.

सिटीच्या आतही क्रम ठरलेला असतो. आधी मुख्य रस्ते, मग त्यांना जोडणारे, मग घरांच्या गल्ल्या, आणि सगळ्यात शेवटी कल-डी-सॅक, म्हणजे ती गोल बंद टोकाची गल्ली. घर घेताना "मुलांना खेळायला छान" म्हणून जास्त पैसे मोजून घेतो ना, तीच. तिथे स्नो ढकलायला जागाच नसते, आणि मोठ्या ट्रकला वळायला त्रास. शिवाय स्नो पडत असेपर्यंत ट्रक पुन्हापुन्हा मुख्य रस्त्यांवरच जातात, कारण ते तासाभरात परत भरतात. तुमची पाळी येते ती पडायचा थांबल्यावर. टाउनहोममध्ये, म्हणजे रांगेत जोडलेल्या घरांत राहणाऱ्यांचं आणखी निराळं. आतले रस्ते बरेचदा खासगी असतात, तिथे सिटी येतच नाही, घरमालकांच्या असोसिएशनचा कंत्राटदार येतो. त्याच्या करारात किती इंचांनंतर यायचं ते लिहिलेलं असतं. मीटिंगला जाऊन तो करार वाचा. समोसे खाऊन परत येऊ नका.

आणि गाड्या! साधारण दोन इंच स्नो पडला की इथल्या बऱ्याच गावांत रस्त्यावर गाडी लावता येत नाही. आपला गोंधळ होतो संक्रांतीला. जानेवारीचा मध्य, ऐन स्नोचे दिवस, आणि रथसप्तमीपर्यंत दर शनिवारी कोणाचं ना कोणाचं हळदीकुंकू. पैठणी, वर पार्का, खाली गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात तिळगुळाचा डबा. गल्लीच्या दोन्ही बाजूंना वीस गाड्या. प्लाऊ येतो, बघतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी शेजारी आपल्याकडे कसे बघतात ते मी सांगायला नको. बोलावणं असलं की गाड्या ड्राइव्हवेत दाटीवाटीने लावा, नाहीतर चौघी मिळून एका गाडीतून या.

स्नो काढण्यावरून इथे सत्ता पालटलीय, हे माहितीय? 1979च्या जानेवारीत शिकागोवर एका वादळात 20 इंच स्नो पडला. त्या आख्ख्या हिवाळ्यात जवळजवळ 90 इंच. एरवी हिवाळाभरात सरासरी 38 पडतो. रस्ते तुंबले, गाड्या गाडल्या गेल्या, आणि महापौर मायकेल बिलांडिक यांच्यावर लोक असे भडकले की फेब्रुवारीतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांना जेन बर्न यांनी हरवलं. त्याच पुढे शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तेव्हापासून शिकागोचा कुठलाही महापौर स्नोला हलक्यात घेत नाही. आपल्याकडे खड्ड्यांवरून असं कधी होईल, हा विचार मी दर पावसाळ्यात बातम्या बघताना करते.

मीठ. उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम केलंय ना? बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवून फिरवून हात दुखायचे. रस्त्यावर तेच चाललेलं असतं. मिठामुळे पाणी शून्य सेल्सिअसला न गोठता आणखी खाली गोठतं. पण मिठालाही मर्यादा आहे. 30 फॅरनहाइटला एक पौंड मीठ सुमारे 46 पौंड बर्फ वितळवतं, आणि 10 फॅरनहाइटला जेमतेम पाच. म्हणून कडाक्याच्या थंडीत ट्रक मीठ टाकून गेला तरी रस्ता पांढराच राहतो. तो आळशी नसतो. वादळाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसतात, तो मिठाचा पाक, ब्राइन. बर्फ रस्त्याला चिकटू नये म्हणून आधीच शिंपडतात. त्यात काही ठिकाणी बीटाचा रसही घालतात, खरंच!

घरी मात्र मूठ आवरा. आधी स्नो काढा, मग उरलेल्या बर्फावर थोडं मीठ. खड्यांची रांगोळी घालायची गरज नाही. ते मीठ विरघळून गटारातून सरळ नदीत जातं आणि पाण्यातून पुन्हा काढता येत नाही.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळ्यातला तो बर्फ, काश्मीरमध्ये पडतो तोही बर्फ. इथे हा फरक जपावा लागतो. स्नोवर गाडी सावकाश चालते. बर्फावर चालतच नाही, जाते तिकडे जाते. त्यातला वाईट म्हणजे ब्लॅक आइस. नावाला काळा, खरं तर पारदर्शक, खालचं डांबर दिसतं म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. पुढच्या गाडीच्या टायरमधून पाणी उडायचं थांबलं, तरी रस्ता ओला दिसतोय, तर समजा आता तो ओला नाही.

गाडी घसरली की ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा. सरळ जाताना थांबायला ब्रेक दाबल्यावर पायाखाली कटकट थरथर होते, ती गाडी मोडल्याची खूण नाही, एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, काम करतंय. तेव्हा ब्रेकवरून पाय सोडू नका. मी पहिल्यांदा घाबरून सोडला होता आणि स्टॉप साइन ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन थांबले. समोर कोणी नव्हतं म्हणून आज व्हिडिओ करतेय.

"आमची ऑल व्हील ड्राइव्ह आहे" म्हणणारे भाऊ दर वर्षी रस्त्याकडेच्या खड्ड्यात दिसतात. चारही चाकांना जोर मिळतो म्हणून ती गाडी सुटते झकास, पण थांबते चार टायरांच्या जोरावर, सगळ्यांसारखीच. साध्या टायरचं रबर सात सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायर इथे सक्तीचे नाहीत, कॅनडातल्या क्यूबेकमध्ये आहेत. मी घेतले, आणि मला ते नवीन सोफ्यापेक्षा उपयोगी वाटतात. थंडीत डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला तर लगेच पंक्चरवाल्याकडे धावू नका. दर दहा फॅरनहाइट उतरले की टायरमधला हवेचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. हवा भरा, दिवा जातो.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका. गाडी सुरू करण्याआधी मागचा सायलेन्सरचा पाइप स्नोने बुजलाय का बघा. बुजला असेल तर धूर गाडीत शिरतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गराजमध्ये शटर लावून गाडी तापवत बसणं तर अजिबात नको. दार उघडं असलं तरी गाडी बाहेर काढूनच तापवा. टपावरचा स्नोही काढा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो अख्खा थर काचेवर येतो. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही. आमच्या एका ओळखीच्यांनी ओतलं, काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

हायवेवर प्लाऊ पुढे असेल तर त्याच्या मागे राहा. तो सावकाश जातो, वैताग येतो, मान्य आहे. पण त्याच्या मागचा रस्ता साफ असतो आणि पुढचा नसतो. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्हीही त्याला दिसत नाही. बाजूने काढायला जाल तर स्नोच्या धुरळ्यात...

(थांबते. दूरवर डांबरावर लोखंड घासल्याचा आवाज.)

ऐकलंत? कोपऱ्यावर आलाय. अरे देवा, बोलण्याच्या नादात डावीकडचा खिसा राहिलाच माझा! कॅमेरा धर रे, बंद नको करू, फावडं कुठे ठेवलं मी...