'मोकळा स्वभाव' आणि क्रिएटिव्हिटी: अबोल माणसांनी हा व्हिडिओ बघाच

नमस्कार मंडळी! आज खरं तर दुसराच विषय ठरला होता. पण मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की तो विषय पुढे ढकलला. प्रश्न असा: "मी अबोल आहे, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, मग मी क्रिएटिव्ह कशी होणार?" कुणी मुलाबद्दल विचारलंय, कुणी स्वतःबद्दल. एका ताईंनी तर लिहिलंय, "ऑनलाइन टेस्टमध्ये इंट्रोव्हर्ट आलं, म्हणून कथा लिहिणं सोडून दिलं." वाचून खूप वाईट वाटलं. ताई, ती वही आधी बाहेर काढा आणि मग पुढचं ऐका.

बेसिक पटकन सांगते. मानसशास्त्रात स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजतात, त्याला 'बिग फाइव्ह' म्हणतात. ओपननेस, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि न्यूरोटिसिझम, म्हणजे मन किती चटकन अस्वस्थ होतं ते. प्रत्येकात पाचही असतात, कुणात कमी, कुणात जास्त. झालं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ते. क्रिएटिव्हिटीशी सगळ्यात पक्कं नातं सापडतं ते ओपननेसचं. आणि इथेच आपली मराठी आपल्याला चकवते. ओपननेस म्हटलं की आपण म्हणतो 'मोकळेपणा'. आणि मोकळ्या स्वभावाचा माणूस कोण? जो पटकन ओळख काढतो, हसतो-बोलतो, मनात काही ठेवत नाही. पण ती तर बहिर्मुखता झाली! ओपननेस म्हणजे नव्या अनुभवांची, कल्पनांची, सौंदर्याची ओढ. तोंड मोकळं असणं वेगळं आणि मन नव्याला मोकळं असणं वेगळं.

पटत नसेल तर या पट्ट्या मोजणाऱ्या चाचणीतले प्रश्न बघा. बहिर्मुखतेच्या पट्टीवर काय विचारतात? गर्दीत उत्साह येतो का, अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलता का. ओपननेसच्या पट्टीवर? कल्पनेत रमता का, चित्रासमोर रेंगाळता का, सरळ उत्तर नसलेला प्रश्न डोक्यात घोळवायला आवडतो का. यातल्या कशाला गर्दी लागते, सांगा बरं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्रे यांनी १९८७ साली हेच तपासलं. एका गोष्टीचे किती तऱ्हेतऱ्हेचे उपयोग सुचतात, एका प्रश्नाला किती वाटा फुटतात, अशा चाचण्या त्यांनी घेतल्या. त्या क्षमतेशी नातं सापडलं ते ओपननेसचं. उरलेल्या चारांचं, त्यात बहिर्मुखताही आली, सापडलं नाही. पुढच्या काही अभ्यासांत बहिर्मुखतेचाही थोडा संबंध दिसलाय, विशेषतः लोकांना 'तुम्ही किती क्रिएटिव्ह?' असं थेट विचारलं तेव्हा. पण स्वतःबद्दल खात्रीने बोलता येणं आणि खरोखर काही सुचणं, यात फरक आहे ना?

माझ्या धाकट्या भावाला घरी सगळे 'घुम्या' म्हणायचे. पाहुणे आले की हा आतल्या खोलीत. एकदा पाहुणे गेल्यावर बाहेर आला आणि पत्र्याच्या डब्यावर एक ठेका वाजवायला लागला. विचारलं, कुठला रे? तर म्हणाला, "आपल्या पंख्याचा." पंखा दर चौथ्या फेऱ्याला 'कट्' करायचा. त्या पंख्याखाली आम्ही वर्षानुवर्षं बसलो, एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

यामागे मेंदूची एक सवय आहे. एखादी गोष्ट बिनकामाची आहे असं एकदा ठरलं की मेंदू ती गाळून टाकतो, पुढे ती आपल्या लक्षातच येत नाही. शेली कार्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. ज्यांच्या नावावर सर्जनशील काम जास्त होतं, त्यांच्यात ही गाळणी सैल आढळली. त्यांच्यापर्यंत जास्त पोचतं. अर्थात ते सांभाळायला बुद्धीची ताकदही लागते, नुसती गाळणी सैल असून भागत नाही.

आणि 'गटात बसल्याशिवाय कल्पना सुचत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. १९५८ साली येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट करून ब्रेनस्टॉर्मिंग करायला लावलं. दुसरीकडे तेवढीच माणसं एकेकटी बसवली आणि मग त्यांच्या कल्पना एकत्र मोजल्या. एकेकट्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं यांनी मोठं कारण शोधलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता कल्पना विरून जाते. मीटिंगमध्ये जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला 'क्रिएटिव्ह' ठरवून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गप्प बसलेल्या माणसाच्या हातात कागद द्या ना!

एक कमेंट राहिली. "क्रिएटिव्ह माणसं बेशिस्तच असतात." ग्रेगरी फीस्ट यांनी १९९८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात कलाकार काटेकोरपणात कमी दिसतात खरे. पण ती सरासरी आहे, आणि वैज्ञानिकांचं चित्र वेगळं आहे. डार्विनने बार्नेकल या चिमुकल्या सागरी जिवांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं काढली. आठ वर्षं! सुचणं एक आणि तडीस नेणं एक. काटेकोरपणावर वेगळा व्हिडिओ करते, इथे घुसले तर बाहेर यायची नाही. आणि ज्यांनी लिहिलंय की मन दुखी असल्याशिवाय कविता होत नाही, म्हणून औषधं बंद केलीत, त्यांनी कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांशी बोला.

तर ताई, तुमच्या टेस्टने 'इंट्रोव्हर्ट' सांगितलं ते एका पट्टीबद्दल, बहिर्मुखतेच्या. ओपननेसची पट्टीच वेगळी आहे, तिच्याबद्दल त्या निकालात एक अक्षर नाही. तुमची कथा कुठे थांबली होती, शेवटचं वाक्य काय होतं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी वाट बघतेय.