मतपत्रिकेवर नसलेलं नाव

[दृश्य: मतदान केंद्रातलं टेबल. जवळून एक कागदी मतपत्रिका, शेजारी पेन.]

६ ऑगस्ट २०१३. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट. महापौरपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी. या कागदावर नावं बरीच आहेत, पण ज्याला आज सगळ्यात जास्त मतं पडणार आहेत त्याचं नाव इथे छापलेलंच नाही. ते मतदारांना स्वतःच्या हाताने लिहायचंय.

आणखी एक नाव इथे नाही. ते असण्याचं कारणही नाही, कारण तो माणूस उभाच नाही. तो लॅन्सिंगला, राज्याच्या राजधानीत बसतो. रिक स्नायडर, मिशिगनचे गव्हर्नर. पण गेले चार-पाच महिने डेट्रॉइटमध्ये प्रचार चाललाय तो बराचसा त्यांच्याच नावाने.

[दृश्य: ओसाड रस्ते, फळ्या ठोकून बंद केलेली घरं, विझलेले दिवे.]

शहराची अवस्था थोडक्यात अशी. १९५० साली इथे साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०१० च्या जनगणनेत उरली सात लाख चौदा हजारांच्या आसपास. रस्त्यावरचे शंभरातले चाळीस दिवे बंद. माणसं गेली, कारखाने गेले, कर भरणारे गेले. निवृत्त कामगारांचं पेन्शन मात्र शहराच्या डोक्यावर राहिलं. कर्ज आणि देणी मिळून सुमारे अठराशे कोटी डॉलर.

इथे स्नायडर येतात. संगणक कंपनीत वरच्या हुद्द्यावर काम केलेले, रिपब्लिकन, स्वतःला ‘नर्ड’ म्हणजे पुस्तकी किडा म्हणवून २०१० मध्ये निवडून आलेले. २०११ मध्ये त्यांच्या सरकारने कायदा कडक केला: एखादं शहर पैशाने बुडत असेल, तर राज्य तिथे ‘इमर्जन्सी मॅनेजर’ नेमणार.

आपल्या भाषेत, प्रशासक. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या महापालिका ज्याच्या हाती गेल्या, तो शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे मुदत संपली, निवडणूक झाली नाही, म्हणून प्रशासक आला. तिथे लोकांनी निवडलेला महापौर खुर्चीवर असताना त्याच्या डोक्यावर प्रशासक बसला. महापौराचे अधिकार त्याच्याकडे, नगरसेवकांचेही त्याच्याकडेच.

लोकांनी हे मुकाट्याने घेतलं नाही. सह्या गोळा केल्या, कायदा जनमताला लावला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्यभरातल्या मतदारांनी तो रद्द केला. पुढच्याच महिन्यात, डिसेंबरच्या अखेरीस, स्नायडर यांनी जवळपास तसाच नवा कायदा सही करून आणला. त्यात खर्चाची एक छोटी तरतूद घातलेली होती. मिशिगनच्या घटनेप्रमाणे पैशाची तरतूद असलेला कायदा जनमताने रद्द करता येत नाही. झालं. मतदारांनी पुढच्या दाराने हाकललेलं मागच्या दाराने घरात आलं.

त्याच डिसेंबरात त्यांनी कामगार संघटनांची वर्गणी ऐच्छिक करणाऱ्या कायद्यावरही सही केली. मोटार कामगारांच्या राज्यात! लॅन्सिंगच्या विधानभवनासमोर हजारोंनी माणसं जमली. डेट्रॉइट तर असं शहर, की नोव्हेंबर २०१२ मध्ये ओबामांना इथे शंभरातली पंचाण्णवांहून जास्त मतं पडली होती. अशा शहरात रिपब्लिकन गव्हर्नरची पत किती असेल, याला सर्व्हे लागत नाही.

मार्च २०१३ मध्ये केविन ऑर प्रशासक म्हणून आले. दिवाळखोरीचे निष्णात वकील, क्रायस्लर कंपनीच्या दिवाळखोरीत काम केलेले. पगार वर्षाला पावणेतीन लाख डॉलर. महापौर डेव्ह बिंग, एकेकाळचे नावाजलेले बास्केटबॉलपटू, मे महिन्यात म्हणाले, मी पुन्हा उभा राहत नाही. १८ जुलैला शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे निवडणूक कशाची, तर अशा पदाची, ज्याला त्या घडीला अधिकार जवळपास शून्य.

[दृश्य: प्रचाराच्या पाट्या. एका अंगणात एक नाव, शेजारच्या अंगणात दुसरं.]

दोन तगडे उमेदवार. बेनी नेपोलियन, वेन काउंटीचे (डेट्रॉइट ज्यात येतं त्या जिल्ह्याचे) शेरीफ, म्हणजे पोलीस अधिकारी, आणि डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख. कामगार संघटनांची मोठी ताकद त्यांच्यामागे. आणि माइक डगन, तोट्यातलं मोठं रुग्णालय सावरणारे म्हणून ओळखले जाणारे. दोघेही डेमोक्रॅट. डगन गोरे, आणि या शहरात दहातले आठ लोक कृष्णवर्णीय, चाळीस वर्षांत गोरा महापौर झालेला नाही. शिवाय डगन मूळचे लिव्होनिया या उपनगरातले, वर्षभरापूर्वीच शहरात राहायला आलेले.

उपनगर ही गोष्ट तिथे साधी नाही. आपला एखादा भाचा ‘डेट्रॉइटला असतो’ म्हणतो, तो बहुधा नोव्हाय, ट्रॉय किंवा कँटनला असतो. महाराष्ट्र मंडळ डेट्रॉइटचं, गणपतीही डेट्रॉइटचे, पण शहराच्या महापौराला मत देता येत नाही. शहराची हद्द ओलांडली की जग बदलतं, आणि हद्दीच्या आतले लोक ते विसरत नाहीत.

डगन यांनी अर्ज भरला २ एप्रिलला. शहराच्या सनदेप्रमाणे अर्जाच्या दिवशी उमेदवाराला इथला मतदार होऊन एक वर्ष व्हायला हवं. चौदा दिवस कमी पडले. शेवटची तारीख मे महिन्यात होती. आणखी दोन आठवडे थांबले असते तर प्रश्नच नव्हता. उत्साह नडला. कोर्टाने नाव उडवलं, वरच्या कोर्टाने तेच कायम ठेवलं. डगन यांनी माघार घेतली, आणि काही दिवसांत परत आले: माझं नाव हाताने लिहा.

मग काय, त्यांच्या नावाशी एक-दोन अक्षरांचाच फरक असलेला एक केशकर्तनकार लिहून मत घेणारा उमेदवार म्हणून उभा राहिला! हे ऐकून आपल्याकडचा कुठलाही प्रचारप्रमुख गालातल्या गालात हसेल. एकाच मतदारसंघात तीन-तीन सारखी नावं आपण पाहिली आहेत. ही विद्या फक्त आपल्याकडेच आहे असा आपला उगाच समज.

[दृश्य: जवळून मोजणीचा तक्ता. चार उभ्या रेघा, त्यांच्यावर एक आडवी.]

मतदान झालं, मोजणी अडली. हाताने लिहिलेली मतं मोजताना अशा रेघा मारायच्या असतात, पाचापाचाचा गठ्ठा. काही केंद्रांवर कर्मचाऱ्यांनी रेघा न मारता सरळ आकडा लिहिला. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी अठरा हजारांच्या आसपास मतांवर बोट ठेवलं. ती वगळली असती तर पहिला नंबर नेपोलियन यांचा. प्रकरण गेलं निकाल तपासणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे. मंडळाने मतं धरली आणि डगन पहिले ठरले. राज्याचा हात शहरात नको, असं सांगत फिरणाऱ्या उमेदवाराचा पहिला नंबर राज्याच्याच एका मंडळाने राखला.

पहिल्या दोघांत नोव्हेंबरमध्ये दुसरी फेरी होती. तिच्यात नेपोलियन यांच्या बाजूचा मुख्य मारा एकच: डगन म्हणजे स्नायडर यांचा माणूस. धनाढ्य उद्योगपती त्यांना पैसा का देतात? उपनगरातून आलाय, प्रशासकाशी याचं जमेल. स्नायडर यांनी जाहीर पाठिंबा दिलेला नव्हता, आणि देणारही नव्हते. ज्या शहरात तुमचं नाव ही शिवी आहे, तिथे गप्प बसणं हीच मदत. विरोधकाला मात्र ते नाव आयतं हातात.

पण गंमत पाहा. डगन स्वतःही प्रशासकाच्या विरोधातच बोलत होते. दिवाळखोरी नको, ऑर लवकरात लवकर जाऊ देत. गव्हर्नरला शिव्या देण्याच्या बाबतीत दोन्ही उमेदवारांचं एकमत. आणि दोघेही एकच बोलू लागले, की तो मुद्दा निवडणुकीतून बाद होतो. मग मतदाराच्या मनात उरतं काय? गव्हर्नर काही जात नाही, प्रशासक समोर बसलाय. त्याच्याशी बसून बोलेल कोण, आणि माझ्या गल्लीतला दिवा लावून घेईल कोण? नेपोलियन यांनी डाग म्हणून दाखवलेली ओळख बऱ्याच जणांना कामाची वाटली असावी. निदान मला तरी या निकालाचा दुसरा अर्थ लागत नाही.

५ नोव्हेंबर. डगन ५५ टक्के, नेपोलियन ४५. मतदानाला आले नोंदणी केलेल्यांपैकी साधारण चौघांत एक.

डिसेंबरात डगन आणि ऑर यांनी वाटणी केली. दिवे, अग्निशमन, पडकी घरं, रोजचा कारभार महापौराकडे. पोलीस आणि तिजोरी प्रशासकाकडे.

[दृश्य: फ्लिंट. नदी. पाण्याची उंच टाकी.]

आता शंभर-सव्वाशे किलोमीटर वायव्येला. शहर छोटं, लाखभर वस्ती. गव्हर्नर तेच, कायदा तोच.

८ नोव्हेंबर २०११ रोजी डेन वॉलिंग फ्लिंटचे महापौर म्हणून पुन्हा निवडून आले. नेमक्या त्याच दिवशी राज्याच्या समितीने सांगितलं की शहरावर प्रशासक बसवा. गुलाल खाली पडायच्या आत अधिकार गेले.

२५ एप्रिल २०१४. शहराचं पाणी डेट्रॉइटकडून घेणं बंद, आता फ्लिंट नदीचं. व्यवस्था प्रशासकाच्या काळातली, सही त्याची. पण कार्यक्रमाला बटण दाबायला कोण? महापौर. पाण्याचे पेले उंचावले गेले, फोटो निघाले.

पाण्यावर गंज रोखणारी प्रक्रियाच केली नव्हती. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. घरातल्या नळाला मात्र तेच पाणी. मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी सात विरुद्ध एक मताने ठराव केला: नदीचं पाणी बंद करा. प्रशासकाने तो मानला नाही. सात मतं इकडे, त्याचं एक तिकडे, आणि भारी ते एकच. त्या उन्हाळ्यात वॉलिंग यांनी टीव्हीवर नळाचं पाणी पिऊन दाखवलं.

नोव्हेंबरात मतदान. लोकांचा राग कुणावर? स्नायडर यांच्यावर, प्रशासकांवर, राज्याच्या अधिकाऱ्यांवर. यांतलं एकही नाव मतपत्रिकेवर नव्हतं. होतं ते बटण दाबणाऱ्याचं. वॉलिंग हरले, कॅरन वीव्हर फ्लिंटच्या पहिल्या निवडून आलेल्या महिला महापौर झाल्या. वॉलिंग यांची बाजू घ्यावी असं नाही. पेला त्यांनी स्वतःच्या हातानेच उचलला होता. पण ज्याने सही केली त्याला मत मागावं लागलं नाही, हेही खरं.

[दृश्य: पुन्हा डेट्रॉइट, रात्र. एका ओळीत पेटलेले पांढरे एलईडी दिवे.]

डेट्रॉइट डिसेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आलं, ऑर गेले. २०१६ च्या अखेरीला ६५ हजार नवे दिवे लागून झाले. डगन २०१७ ला निवडून आले, २०२१ लाही. दोन्ही वेळा नाव छापील.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपण मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहणार. पक्ष सोडून, अपक्ष म्हणून. अपक्षाला मतपत्रिकेवर नाव हवं असेल, तर आधी हजारो मतदारांच्या सह्या गोळा करून द्याव्या लागतात. आणि त्याही मुदतीत.